ज्वारी आली, तिची भाषा कुठे राहिली?

घोडकाठचा | शनिवार, रात्री १०:४२

गेल्या रविवारी गावी हुरड्याला गेलो होतो. गाव शिरूर तालुक्यातलं. आगटीभोवती बसलो असताना अण्णांनी (माझे थोरले चुलते) कणीस हातावर चोळलं, फुंकर मारून फोलपटं उडवली आणि म्हणाले, "पांडवांच्या आधीपासून ही ज्वारी इथंच." मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हटलं, "अण्णा, ही आफ्रिकेतून आलीय." त्यानंतर शेंगदाण्याची चटणी माझ्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

पण खरी गंमत वेगळीच आहे. आमच्या गावापासून इनामगाव मोटरसायकलवर अर्ध्या तासाचं. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथं वस्ती होती. आधी माळव्याच्या धाटणीची भांडी, मग १४०० च्या सुमारास जोर्वे संस्कृतीची, तांबड्यावर काळी नक्षी आणि लांब तोटीची. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडायचे. शाळेच्या सहलीत हे ऐकल्यावर त्या रात्री मी पांघरुणातून पाय बाहेर काढले नव्हते.

आणि हे लोक खात काय होते? मुख्यतः सातू. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, लाख, कुळीथ. पुराचं पाणी वळवायला त्यांनी चारी खणली होती, बांध घातला होता. म्हणजे ज्या काळ्या रानात अण्णा आज मालदांडी काढतात, (मालदांडी म्हणजे रब्बीची ज्वारी) त्याच भागात तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी पश्चिम आशियातून आलेलं रब्बीचं पीक काढत होता. सातू आणि गहू बलुचिस्तानात मेहरगढला इ.स.पू. ७००० च्या आसपास दिसतात. तिथून सिंधूच्या खोऱ्यात, गुजरात-माळव्यात आणि मग तापी, प्रवरा, घोड असे उतरत आपल्याकडे.

आता माझा प्रश्न. १९८७ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांनी एक मोठी मांडणी केली. शेती करणाऱ्यांची पोरं जास्त जगतात, त्यांना जमीन कमी पडते, ते पुढं सरकतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही सरकते. इंडो-युरोपीय भाषा (संस्कृत, ग्रीक, इंग्रजी यांचं कुळ) अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, पहिल्या शेतकऱ्यांबरोबर अशाच पसरल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकायला झकास आहे, पण दख्खनात मला ते कुठंच बसेना. माझं मत असं की आपल्याकडे बियाणं एका गाडीने आलं, माणसं दुसऱ्या आणि भाषा तिसऱ्या. तिन्हींची वेळापत्रकं वेगळी. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर कान धरावा.

भाकरतुकडा | शनिवार, रात्री ११:१५

वाचतोय. बाजरीपण बाहेरची आहे असं म्हणू नका, भूक मरेल.

घोडकाठचा | शनिवार, रात्री ११:२८

@भाकरतुकडा, माफ करा. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. मालीच्या उत्तरेत टिलेम्सी खोऱ्यात इ.स.पू. २५०० च्या आसपासचे लागवडीच्या बाजरीचे पुरावे आहेत. ज्वारी पूर्व सुदानची, इ.स.पू. ३००० च्या पुढेमागे. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या उंच भागातली. चवळीही पश्चिम आफ्रिकेची, आणि तुमचे लाडके वालसुद्धा पूर्व आफ्रिकेचे. घाबरू नका, तूर, मूग, उडीद, कुळीथ आणि तीळ आपल्याकडचेच. तीळ तर इथून पश्चिमेला गेला.

चिकित्सक_बापू | रविवार, सकाळी ७:०५

धागा चांगला, पण नाचणीच्या बाबतीत सांभाळून. सौराष्ट्रात रोजडीला इ.स.पू. २५०० ची नाचणी सापडल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. डोरियन फुलर आणि इतर वनस्पती-पुरातत्त्वज्ञांनी असे जुने दाणे पुन्हा तपासले, तेव्हा नाचणी म्हणून नोंदलेले पुष्कळसे दाणे राळ्याच्या कुळातल्या देशी तृणधान्यांचे निघाले. जळालेला दाणा टाचणीच्या डोक्याएवढा, त्याचं टरफल उडालेलं. चूक होणं साहजिक आहे. आफ्रिकेची पिकं भारतात इ.स.पू. २००० ते १५०० या काळात हळूहळू दिसू लागतात, इतकं म्हणणं सुरक्षित. कर्नाटकात तुंगभद्रेकाठी हल्लूरला बाजरी मिळाली आहे.

दुसरं म्हणजे, तुमच्या लेखात सगळी शेती बाहेरूनच आली असा सूर लागतोय. बेल्लारी-रायचूर पट्ट्यात राखेच्या टेकड्या आहेत. उटनूर, बुदिहाळ, संगनकल्लू. गुरांचं शेण साठवून साठवून पेटवल्याने झालेले ते ढीग. इ.स.पू. ३००० च्या आसपास तिथं गुराखी लोक होते आणि त्यांनी कुळीथ, मूग आणि देशी तृणधान्यं इथंच माणसाळवली. गहू, सातू त्यांच्याकडे नंतर पोचले, तेही थोडेच. म्हणजे दक्षिणेत शेती कोणी आणून दिलेली नाही.

घोडकाठचा | रविवार, सकाळी ८:३०

बापू, कान धरल्याबद्दल आभार. राखेच्या टेकड्या मी विसरलोच होतो. द्राविडी भाषाकुळाचं वय साधारण साडेचार हजार वर्षं, असं २०१८ च्या एका अभ्यासात निघालं होतं. काळ जुळतोय की.

चिकित्सक_बापू | रविवार, सकाळी ८:४४

जुळतोय, म्हणूनच भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ आणि फुलर यांनी मूळ द्राविडीत पिकांचे कोणते शब्द असावेत ते त्या उत्खननांतल्या दाण्यांशी ताडून पाहिलं. बरंच जमतं. तरी भांड्यावर भाषा लिहिलेली नसते. जोर्वेवाले घरात काय बोलत याला पुरावा एकही नाही, हे धाग्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, नाहीतर पन्नासाव्या प्रतिसादाला कोणीतरी "जोर्वे म्हणजे आद्य मराठी" म्हणून येईल.

शब्दवेडी | रविवार, सकाळी १०:१०

भाषेच्या बाजूने थोडं.

पीक येताना नाव घेऊन येतं की नाही, यावरून ते कसं आलं याचा अंदाज करता येतो. पोर्तुगीजांनी आणलेल्या गोष्टी बघा. बटाटा, काजू, अननस ही नावं गलबतातून पिकाबरोबर उतरली, कारण आणणारा माणूस समोर उभा होता, 'हे काय?' म्हणून त्याला विचारता येत होतं. मिरची मात्र आली आणि तिने मिऱ्याचं जुनं नाव, संस्कृत 'मरिच', अंगावर चढवलं. नवी सून, सासूचं लुगडं.

आता ज्वारी. आपला 'जोंधळा', कन्नड 'जोळ', तेलुगू 'जोन्न', तमिळ 'चोळम' एकाच घरातले दिसतात. संस्कृतात 'यवनाल', म्हणजे यवासारखा, पण बोरूसारख्या दांड्याचा. द्राविडी शब्दाला मागाहून संस्कृताचा साज चढवून 'यवनाल' झाला की 'यवनाल'वरून बाकीचे आले, यावर तज्ज्ञ भांडतात. पण सुदानकडचा कुठलाही शब्द यात नाही. बाजरीचं तेच, नाचणीचं तेच. याचा अर्थ मी असा लावते की आफ्रिकेतून वस्ती करायला लोक आले नाहीत. येमेन, ओमान, मकरानचे नावाडी, मासेमार, छोटे व्यापारी यांच्या हातून हातात मूठमूठ दाणे सरकत आले. शेवटी दाणे ज्याच्या हातात पडले त्याला ते मुळात कुठले हेच माहीत नव्हतं, मग त्याने आपल्या ओळखीचं नाव दिलं.

आणि 'नांगर'. संस्कृत 'लाङ्गल', ऋग्वेदातही आहे. तो शब्द इंडो-युरोपीय नाही, मुंडा कुळाकडून (संथाळी, कोरकू वगैरे भाषा) आला असावा असं पुष्कळ भाषातज्ज्ञ मानतात. कॉलिन मॅसिका यांनी १९७९ मध्ये हिंदीतले शेतीचे शब्द तपासले, तेव्हा सुमारे ३० टक्के शब्द ना आर्य, ना द्राविडी, ना मुंडा निघाले. त्या हरवलेल्या भाषेला त्यांनी 'क्ष भाषा' म्हटलं. गंगेकाठचे कोणी शेतकरी आपली भाषा विसरले, पण भाज्यांची नि औतांची नावं ठेवून गेले. मला तर हे वाचून गलबलून आलं होतं.

भाकरतुकडा | रविवार, सकाळी १०:२५

नवी सून, सासूचं लुगडं. दंडवत घ्या ताई.

सडेतोड | रविवार, दुपारी १२:४०

म्हणजे फिरून परत आर्य बाहेरून आले तेच का? ते आक्रमणाचं थोतांड कधीच निकालात निघालंय. हरियाणातल्या राखीगढीला सापडलेल्या सिंधू संस्कृतीच्या सांगाड्याचा डीएनए वाचा. आपल्याच डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांचं काम आहे.

घोडकाठचा | रविवार, दुपारी १:१५

सडेतोडराव, वाचलंय, आणि माझ्या मुद्द्याला त्याचाच आधार आहे. २०१९ च्या त्या शोधनिबंधात दोन गोष्टी आहेत. एक, राखीगढीच्या बाईमधला जो वंश इराणशी नातं सांगतो तो इराणातल्या शेतकऱ्यांपासून शेती सुरू होण्याच्याही आधी वेगळा झाला होता. म्हणजे सिंधूकाठची शेती इराणी शेतकऱ्यांच्या लोंढ्याने आणली नाही. बियाणं आलं, युक्त्या आल्या, शेती करणारे मुख्यतः इथलेच. हे तुमच्या बाजूचं. दोन, तिच्यात उत्तरेकडच्या गवताळ स्टेप प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही, आणि आज तो उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कमीअधिक प्रमाणात आहे. त्याच वेळी ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएवर आलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासानुसार तो अंश इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान आला. भारतीय आर्य भाषा त्या वाटेने आल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात. घोडे उधळत किल्ले फोडले असं त्यात कुठं म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. शतकानुशतकं थोडे थोडे लोक येत राहिले.

बघा आता, शेती इ.स.पू. ७००० ची. आर्य भाषा तिच्यानंतर पाच हजार वर्षांनी. गाड्या वेगळ्या नाहीत तर काय?

सडेतोड | रविवार, दुपारी १:३२

दुसरा मुद्दा मान्य नाही. पहिला मान्य.

घोडकाठचा | रविवार, दुपारी १:३४

चालेल. निम्मं तर निम्मं.

बर्लिनचा_बाळू | रविवार, संध्याकाळी ६:२०

इथून थोडी रेनफ्रूंची वकिली. तुम्ही दख्खनावरून सगळ्या जगाला नियम लावताय. बांटू भाषा बघा. नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेवरून चार-पाच हजार वर्षांपूर्वी निघाल्या आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेल्या. तिथं माणसं, शेती, भाषा एकाच गाडीत होती. ऑस्ट्रोनेशियन लोकांचंही तसंच: तैवानहून होड्या निघाल्या त्या फिलिपिन्स, इंडोनेशिया करत एकीकडे हवाई, दुसरीकडे मादागास्कर. मादागास्करची मलागासी भाषा शेजारच्या आफ्रिकेतल्या कुठल्याच भाषेची बहीण नाही, तिची सख्खी बहीण बोर्निओत बारितो नदीकाठी आहे. त्यांचा भातसुद्धा आशियातून गेलेला.

युरोपातही अनातोलियाचे शेतकरी स्वतः चालत आले, हे जुन्या डीएनएने ठरलं. रेनफ्रू चुकले ते इतकंच की त्यांची भाषा टिकली नाही. इ.स.पू. ३००० नंतर स्टेपमधून यम्नाया पशुपालकांचे वंशज आले आणि इंडो-युरोपीय भाषा बहुधा त्यांनी आणल्या. म्हातारबांचा मोठेपणा असा की २०१७ मध्ये शिकागोच्या व्याख्यानात त्यांनी स्टेपची बाजू मांडणाऱ्या आपल्या जुन्या प्रतिस्पर्धी मारिया गिंबुटास यांचं पारडं जड ठरल्याचं जाहीरपणे मान्य केलं. आपल्याकडे असं कोण करतं? (अवांतर संपलं.)

आणि स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क लोक. स्टेपचा वंश त्यांच्यातही शिरला, बापाकडून आलेला तर भरपूर. भाषा मात्र जुनीच राहिली. का? आया घरात काय बोलल्या, यावर ते ठरलं असेल का?

आत्याबाई | रविवार, रात्री ९:०३

बाळू, शेवटचं वाक्य पटलं. आपल्या घरातच बघ ना. मराठी आर्य भाषा म्हणायची, पण अक्का, अण्णा, आप्पा, ताई ही हाक मारायची नावं कुठली? कन्नडकडची, दक्षिणेची. मामाच्या मुलीशी लग्न लावायची पद्धत उत्तरेत ऐकली की लोक कानावर हात ठेवतात, आपल्याकडे ती कित्येक समाजांत हक्काची. इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये नातेसंबंधांवर लिहिताना महाराष्ट्र उत्तर-दक्षिणेच्या मधला पट्टा म्हणून दाखवला होता.

आणि 'आपण' नि 'आम्ही'! "आम्ही जेवलो" म्हटलं की समोरचा उपाशी, "आपण जेवलो" म्हटलं की तोही जेवला. हिंदीवाल्यांचं एका 'हम'वर भागतं. तमिळमध्ये हाच फरक 'नाम्' आणि 'नाङ्गळ्' असा आहे. शब्द उत्तरेचे, बोलण्याची खोड दक्षिणेची. मला वाटतं, जी आई आधी दुसरी भाषा बोलत होती तिने नवी भाषा शिकली, पण जुन्या सवयीने. पोरांनी तीच उचलली.

शब्दवेडी | रविवार, रात्री ९:२०

+१. शिवाय नको, नाही, नये, नव्हे असे नकाराचे चार वेगळे दरवाजे. तोही दाक्षिणात्य थाट. आणि डोंबिवली, कांदिवली, बोरिवलीमधला 'वली' म्हणजे 'पल्ली', द्राविडी वस्ती, असं साउथवर्थ यांनी गावांच्या नावांवरून दाखवलंय. रोज सकाळी ८:१२ ची लोकल पकडणाऱ्याला कोण सांगणार!

मेळघाटी | सोमवार, सकाळी ६:५०

तुमी सारे पुणं आन् कोकण करून राह्यले, आमच्याकडं कोनी पाहतच नाही. मी धारणीजवळ शिक्षक आहे, आता प्रमाणात लिहितो.

माझ्या वर्गातली निम्मी पोरं घरी कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली, त्या कुळाचं अगदी पश्चिमेचं टोक. तिचे दूरचे भाऊबंद कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामी. पाण्याला कोरकूत 'डा', संथाळीत 'दाक्', जुन्या मोन भाषेत 'डाक्'. पहिल्यांदा कळलं तेव्हा फळ्यासमोर उभा राहून एकटाच हसलो होतो. मुंडा बोलणाऱ्यांचा डीएनए सांगतो की बापाकडचा वंश बराचसा आग्नेय आशियाचा आणि आईकडचा जवळपास सगळा इथलाच. म्हणजे आत्याबाई, इथं उलटं झालं. आया इथल्या, पण भाषा बापांची टिकली. तुमचा नियम सगळीकडे चालत नाही.

मेळघाटला लागूनच बुलढाण्यात, जळगाव जामोदकडे निहाली बोलणारी मोजकी माणसं आहेत. ही भाषा कुठल्याच कुळात बसत नाही. कोरकूतून भरमसाट शब्द घेतलेत, दोन ते चार हे आकडे द्राविडी वळणाचे, पाचपासून पुढं आर्य वळणाचे. पाचपर्यंत आकडे म्हणताना वेगवेगळ्या लोकांशी शेजार केल्याचा हिशोब तोंडात येतो. पण त्याखाली उरलेले जे शब्द आहेत ते कोणाचेच नाहीत. शेती यायच्या आधी इथं जे बोललं जाई त्यातलं काही उरलं असेल तर ते तिथं. आणि ती बोलणारे बहुतेक मजुरीवर जगतात.

घोडकाठचा | सोमवार, सकाळी ९:१०

सर, हा प्रतिसाद म्हणजे वेगळा धागा आहे. लिहाच.

मालवणचो_झिलगो | सोमवार, दुपारी ३:३०

आमका कोन इचारता! पण सांगतंय. आमच्या होडयेक एका बाजूक लाकूड बांदून जो आधार करतत, तेका उलांडी म्हनतत. आजोबा म्हणायचे ही आपलीच पद्धत. नंतर कळलं की श्रीलंका, मादागास्कर, पार पॉलिनेशियापर्यंत तीच पद्धत, आणि ती पसरवणारे वर बर्लिनकरांनी सांगितलेले तैवानवाले ऑस्ट्रोनेशियन दर्यावर्दी. विड्याचं पान आणि सुपारी हीपण त्याच अंगाची, आग्नेय आशियाची. भाषा आमच्याकडे त्यांची आली नाही, लाकडाचा दांडा आणि पान आलं. घोडकाठच्याच्या यादीत चौथी गाडी घाला: होडी.

चिकित्सक_बापू | सोमवार, रात्री ८:१५

आणि पाचवी: वळू. २०१९ मध्ये जुन्या गुरांच्या डीएनएचा अभ्यास आला. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी, मोठ्या दुष्काळाच्या सुमारास, पश्चिम आशियातल्या गुरांत आपल्या वशिंडाच्या गुरांचा अंश एकदम वाढतो, आणि तो मुख्यतः वळूंकडून. कळपच्या कळप गेले नाहीत, काटक रक्तासाठी वळू नेले. आपण आफ्रिकेकडून कोरडवाहू पिकं घेतली त्याच शतकांत पश्चिमेने आपल्याकडून कोरड सोसणारा बैल घेतला.

ज्वारीबाबतही एक राहिलं. पिकांचे अभ्यासक जॅक हार्लन यांचं म्हणणं होतं की घट्ट कणसाची 'दुर्रा' जात भारतात तयार झाली आणि मग उलट आफ्रिकेकडे गेली. मालदांडी त्याच जातीची. तेव्हा अण्णा अगदीच चूक नव्हते. पावसाळी पीक काळ्या रानातल्या ओलीवर थंडीत पिकवायचं, हे इकडच्या शेतकऱ्याचं कसब. चटणी उशिरा मिळाली ते योग्यच झालं.

घोडकाठचा | शुक्रवार, रात्री १०:०५

अपडेट. अण्णांना फोनवर बापूंचा प्रतिसाद वाचून दाखवला. "मग?" इतकंच म्हणाले, पण आवाज खुशीत होता. नंतर इनामगावच्या सातूचं सांगितलं, शेवटी पाऊस कमी होत गेला तसे ते लोक चौकोनी घरं सोडून छोट्या गोल झोपड्यांत आले, शेतीपेक्षा मेंढरं-गुरांवर जगू लागले आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं, तेही. ते जरा वेळ गप्प झाले. मग विचारलं, "त्यांच्याकडं ज्वारी असती तर राहिले असते का रे?"

मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या रब्बीला दोन गुंठे सातू टाकून बघू म्हणतायत. बियाणं कुठं मिळेल, कोणाला माहीत असेल तर सांगा.

शब्दवेडी | शुक्रवार, रात्री १०:३१

एक विचारायचं राहिलं. अण्णा स्वतः 'सातू' म्हणाले की 'जव'?

घोडकाठचा | शुक्रवार, रात्री १०:४०

'जव'. सातू म्हणजे पीठ, म्हणाले, पेरतात काय कधी पीठ?